शंभराच्या नोटेची दोन अर्धुकं

मी सांगते आणि माझी नात लिहिते. ती शाळेत जाते, म्हणून माझं बोलणं शाळेतल्यासारखं सरळ करून घेते. घेऊ दे. आयुष्यभर माझं बोलणं दुसऱ्यांनीच आपापल्या सोयीनं पुढे पोहोचवलं, त्यात हिची भर.

हिवरखेडच्या बाजूला आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, बांधाला झेंडू. मळा माझ्या नवऱ्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, दोघांचा मिळून. थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचा आवाज आला की पदर पुढे ओढून आत व्हायचं. काही सांगायचंच झालं तर जावेला सांगायचं, ती नवऱ्याला सांगते. मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

मग कापसाला भाव आला. दूर कुठे तरी लढाई चालली होती म्हणे, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि त्या लढाईपायी आमच्या वऱ्हाडातल्या माणसांची डोकी फिरली. ज्यानं त्यानं दिसेल त्या जमिनीत सरकी टोचली. माझा नवरा भला माणूस, भला म्हणजे थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर न जाणारा. दोघांनी लागती वांगी उपटली आणि तिथं कापूस लावला. मी त्या वांग्यांसाठी रडले. भासऱ्यानं ते ऐकलं आणि जावेकरवी विचारलं, वांगी विकून कोणाची विहीर झाली?

विहिरीचं खरं होतं. आमची विहीर चार परस, म्हणजे चार पुरुष खोल गेली आणि खाली दगड लागला. पाणी दगडाखाली होतं, सुरुंग लावल्याशिवाय येणार नव्हतं. सुरुंगवाले शंभर रुपये मागत होते. ते शंभर हाती आले असते तर बारमाही मळा, नाही तर आभाळाकडे बघत बसायचं. माझं सगळं त्या विहिरीत अडकलं होतं. कापूस आला-गेला तरी चालेल, पाणी लागलं की वांगी पुन्हा लावता येतील, एवढीच माझी आस.

कापूस अकोल्याला जुन्या शहरातल्या एका अडत्याकडे घातला. दोघं भाऊ गेले होते. पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. त्या साली दुकानात चांदी पुरत नव्हती, म्हणून थोडे रुपये रोख आणि उरलेल्या शंभराचा एक कागद मिळाला. एका बाजूला छापलेला, मागं कोरा. मुनीम म्हणाला, हा कागद अकोल्याच्या सरकारी खजिन्यात नेला की शंभर रुपये मोजून मिळतात, सरकारनं तसं लिहून दिलंय. आमच्या गावात मात्र त्याला कोणी मिठाची पुडीही दिली नसती. म्हणजे रुपया हातात असूनही तो अकोल्याला ठेवल्यासारखाच.

खजिना त्या दिवशी बंद होता. भासऱ्याला तिथूनच भाड्याची गाडी घेऊन अमरावतीला जायचं होतं, पंधरा दिवसांनी परत. नोट कोणाजवळ ठेवायची? दोघं सख्खे भाऊ, पण शंभर रुपये आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले. मुनीम तेव्हा मुंबईच्या टपालासाठी नोटांची थप्पी कात्रीनं मधोमध कापत बसला होता. एक अर्धुक आज पाठवायचं, ते पोहोचल्याचं पत्र आलं की दुसरं. वाटेत चोरलं तरी चोराला उपयोग नाही. भासऱ्याला ती युक्ती फार आवडली. तो म्हणाला, आमचीही कापून द्या. मुनिमानं आमची नोट त्याच थप्पीत घातली, कात्री चालवली, एक अर्धुक एकाला, दुसरं दुसऱ्याला, दोन्ही पुडीत बांधून. एकाशिवाय दुसऱ्याला खजिन्यात कोणी विचारणार नाही. म्हणजे भांडणच नको.

नवरा घरी येऊन हे सांगताना हसत होता. मी मात्र ती पुडी हातात घेऊन बघत राहिले. ज्यांचा एकमेकांवर विश्वास असतो ते नोट कापत नाहीत. हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दहाव्या दिवशी गावात पटकी आली आणि एका रात्रीत नवरा गेला.

भासरा तेराव्याला आला. मी आतल्या खोलीत, तो ओट्यावर, मधे दारात जाऊ. त्यानं मला ऐकू येईल अशा आवाजात जावेला म्हटलं, "तिले म्हण, पुडी माह्याजवळ दे. मी अकोल्याले जाऊन रुपये आणतो अन् विहीर करतो."

मी पण त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "त्यायले म्हणा, तुमचीच पुडी मले द्या. माहा भाऊ येते सोबत."

जावेनं दोन्ही वाक्यं पुन्हा म्हटली. आम्ही दोघांनी ती आधीच ऐकली होती, तरी तिनं म्हटली. तिच्या तोंडून ती आणखी कडू झाली. दोघांनी मिळून अकोल्याला जाणं हा साधा रस्ता होता, पण विधवा भावजय आणि भासरा एका गाडीत कसे बसणार? माझ्या भावानं त्याच्यासोबत जावं, हेही कोणी सुचवलं नाही. तो उठून गेला.

पुढं लढाई संपली, भाव पडला. विहीर तशीच राहिली, तळाला उंदीर मेले तरी कळायचं नाही. मी दुसऱ्यांच्या मळ्यात निंदायला जाऊ लागले, आणि तेल्हाऱ्याच्या बाजारात दुसऱ्यांची वांगी विकली. चांगली वांगी होती, मला त्यांचाही राग यायचा. पुडी लुगड्यांच्या तळाशी होती. भासऱ्याच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय माझा दिवस मावळला नाही. त्यानं माझी विहीर गिळली, हे मी मुलांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या मुलांना.

गेल्या साली भासरा वारला. महिन्याभरानं जाऊ आली, केस पांढरे, हातात पुडी. म्हणाली, मरताना हे तुला द्यायला सांगितलं. अकोल्यात एक वकील आहेत, ते जुन्या नोटा जमवतात, काचेखाली ठेवतात, ही बातमी माझ्या नातीनंच शाळेतून आणली होती. मी आणि जाऊ, आम्ही दोघी तिकडे गेलो.

वकिलांनी दोन्ही अर्धुकं टेबलावर शेजारी ठेवली. भिंग लावून पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. नोटेवर नंबर दोनदा छापलेला असतो, प्रत्येक अर्ध्यावर एकदा, जोडी ओळखता यावी म्हणून. आमचे नंबर वेगळे होते. कापलेल्या थप्पीत अर्धुकं मिसळली होती. चुकून की मुद्दाम, आता कोण सांगणार? ही एका नोटेची अर्धुकं कधी नव्हतीच. मी दिली असती तरी त्याला रुपये मिळाले नसते, त्यानं दिली असती तरी मला नाही.

जावेनं विचारलं, हे तेव्हा कधी कळलं असतं? वकील म्हणाले, शेजारी ठेवली असती त्या दिवशी. लगेच दुकानात नेली असती तर मुनिमाला बदलून द्यावी लागली असती.

जाऊ रडू लागली. मला रडू आलं नाही. ज्या माणसाला मी रोज शिव्या दिल्या, त्याचा चेहराही मी नीट पाहिलेला नव्हता, एवढंच डोक्यात येत राहिलं.

वकिलांना ती तशीच हवी होती, बेजोड म्हणून जास्तच. त्यांनी दोन्हींचे मिळून दहा रुपये सांगितले आणि दहाची एक कोरी नोट पुढे केली. जावेनं ती माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "तूच ठेव. मंग देजो माहे पाच."

मी वकिलांना म्हणाले, नोट नको, नाणी द्या. त्यांनी पेटी उघडून दहा रुपये काढले. पाच मी उचलले, आणि पाच जावेच्या हातावर तिथल्या तिथे मोजून ठेवले.