निश्चल चेहऱ्यांचा फोटोवाला

उमरग्याच्या पंचाक्षरीनं कॅमेरा आणला तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावात फोटो म्हणजे नवलच. लोक हौसेनं यायचे, नवा फेटा बांधून खुर्चीत बसायचे आणि फोटो हातात पडला की खट्टू व्हायचे. पंचाक्षरी बिचारा जीव तोडून काम करायचा; पण त्याच्या पेटीपुढं माणूस बसला, की चेहऱ्यावरचं पाणीच जायचं. कुणी पापणी हलवायचं, कुणी श्वास कोंडून डोळे वटारायचं. आपल्याला यातलं काही येत नाही, असं तो बायकोला, महादेवीला सांगायचा आणि ती त्याची समजूत काढायची.

मग आडत्या शरणबसप्पाची आई मल्लम्मा गेली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं तिला अंघोळ घालून, विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन मांडी घालून बसवली होती. आईची आठवण राहावी म्हणून शरणबसप्पानं पंचाक्षरीला बोलावलं. तो काळ्या कापडाआड शिरला आणि थबकला. म्हातारीला घाई नव्हती, लाज नव्हती, चांगलं दिसायची धडपड नव्हती. घरी फोटोची काच औषधात धुतल्यावर तिच्यातून जो चेहरा वर आला, तो बघून त्याच्या अंगावर शहारा आला. आपल्याला काय जमतं ते त्याला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर तो आनंदानं रडला. भलत्याच जागी सापडलं होतं, पण सापडलं होतं.

तिथून पुढं कुठंही कुणी गेलं की पंचाक्षरीला बोलावणं यायचं. कधी कधी बोलावण्याआधीच तो पोचायचा. बाजारात तो एखाद्या म्हाताऱ्याकडं टक लावून बघू लागला, की म्हातारा फेटा सावरत गल्ली बदलायचा. जिवंतपणी त्याच्यापुढं बसणं गावानं सोडूनच दिलं. त्याला त्याचं काहीच वाटेना, आणि हे मात्र भयंकर होतं.

एका उन्हाळ्यात महादेवी तापानं अंथरुणाला खिळली. वैद्यानं आशा सोडली. पंचाक्षरी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचा, पाणी पाजायचा. त्यात काही कमी नव्हतं. एका दुपारी तो उठला. खिडकीचं दार त्यानं लोटलं, थोडं उघडलं, पुन्हा लोटलं.

"मला ऊन लागतंय म्हनून लावताय, का माज्या तोंडावरचा उजेड बगताय?" महादेवीनं विचारलं.

त्यानं दारावरचा हात काढून घेतला.

"आना तुमची पेटी. माजा फोटू कवा काडलाच न्हाय तुमी."

"तुला तरास हुईल."

"आना म्हनते न्हवं?"

त्यानं तिला भिंतीला टेकवून बसवलं, मांडी घालून दिली, कपाळाला विभूती लावली. लावताना आपला हात जरासुद्धा थरथरला नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "हलू नको," म्हणत त्यानं भिंगावरचं टोपण काढलं.

महादेवी हलली नाही. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सैल. असा चेहरा त्याला मल्लम्मानंतर मिळालाच नव्हता. त्याचं मन भरून आलं. त्यानं टोपण लावलं.

"झालं गं. घे श्वास."

ती तशीच बसून राहिली.

"महादेवी?"

पापणी हलली नाही, छाती हलली नाही. पंचाक्षरी समजला. आणि त्याचा हात तिच्याकडं गेला नाही; शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या काचेकडं गेला.

काच बसवून तो पुन्हा टोपण काढणार, तोच महादेवीनं श्वास सोडला. ती डोळे उघडून त्याच्याकडंच बघत होती.

"मला बगायचं हुतं," ती म्हणाली, "तुमी आदी कुनीकडं जाताय ते."

ताप पुढं उतरला. महादेवी उठली, तिनं संसार केला, त्याला वेळेवर भाकरी वाढली, त्या दुपारचा शब्द कधी काढला नाही. फक्त तो घरात असला की ती स्वस्थ बसायची नाही. हातात काम नसलं तरी पायाचं बोट हलायचं, बांगड्या वाजायच्या. आणि तो झोपल्याची खात्री झाल्याशिवाय तिनं कधी डोळे मिटले नाहीत.