चर्चच्या हॉलमधली लाल चटणी
खलबत्त्यात लसूण आणि लाल तिखट कुटायला घेतलं की मला आमच्या गावातल्या चर्चचा हॉल आठवतो. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव म्हणजे एक पोस्ट, एक पेट्रोल पंप आणि महिन्यातून एकदा त्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण. गावात मराठी बाई मी एकटीच, आणि त्याचा मला जरा तोराच होता. या लोकांना तिखट सोसणार नाही म्हणून दोन वर्षं मी मिरचीचा कणही न घालता पुलाव नेत होते. चमचाभर वाढून घेऊन सगळे "नाइस" म्हणायचे. मग नागपूरची एक मुलगी लग्न होऊन इथे राहायला आली आणि पहिल्याच जेवणाला बरणीभर लसणाची लाल चटणी घेऊन आली. मी मनात म्हटलं, आता हिची चांगली फजिती होणार. पण हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आजीबाईंनी ती पावाला लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना पुन्हा मागितली, आणि बघता बघता बरणी रिकामी झाली. ती मुलगी मला हळूच म्हणाली, "काकू, तुमचा पुलाव पण मस्त झालाय हं." त्या "पण"ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्षभरात ती दूर फ्रिस्को शहरात राहायला गेली. पुढच्या जेवणाला आजीबाईंनी मोठ्या आशेने मला विचारलं, "ती लाल चटणी तुला येते का गं?" मी म्हटलं, "नाही हो, ती फक्त तिलाच यायची." आज कुटायला बसले, तेव्हा आधी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.