कोळशाच्या डेपोखालची विहीर

माझं माहेर साक्रीकडचं. उन्हाळ्यात पाण्यासाठी रांगेत उभी राहतच मी मोठी झाले. लग्न होऊन भुसावळजवळच्या केळीच्या मळ्यात आले आणि मे महिन्यातही पाणी टिकवणारी विहीर पाहिली, तेव्हा सासरच्या दागिन्यांपेक्षा मला तिचंच अप्रूप वाटलं. घरात पिण्याला, केळीला, गुरांना, सगळ्याला तेच पाणी.

विहिरीशेजारून नाला वाहतो. नाल्याच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून धाकट्या दिरांची जमीन आहे. ती खडकाळ. तिच्यात काही पिकत नाही म्हणून त्यांनी ती एका व्यापाऱ्याला कोळशाच्या डेपोसाठी भाड्याने दिली. वीटभट्ट्यांना लागणारा कोळसा तिथे उघड्यावर रचला जाऊ लागला. पहिल्याच पावसाळ्यात नाल्याला शाईसारखं पाणी आलं. आमच्या म्हशीने त्यात तोंड घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

यांनी भावाला भरल्या बाजारात सुनावलं. भाऊजीही काही कमी बोलले नाहीत. त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद झालं. नाना, म्हणजे माझे सासरे, एकदा या घरी जेवायचे, एकदा त्या घरी. पिण्याचं पाणी आम्ही गावातून आणायला लागलो. रोज सकाळी मी विहिरीत डोकावायची. पाणी स्वच्छ दिसायचं, पण विश्वास बसायचा नाही. माहेरी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "दिसस ते खरं नको मानू. तपासी ले."

मग मी नाल्याचं आणि विहिरीचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून जळगावच्या प्रयोगशाळेत दिलं. काही दिवसांनी अहवाल घ्यायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "विहीर चांगली आहे. नाला मात्र बिघडलाय. हे पाणी असंच जिरत राहिलं तर पुढे विहिरीचं सांगता येणार नाही. वरच अडवा."

परतताना मी बसमध्येच रडले. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, घरात कुणी गेलं.

घरी न जाता मी थेट भाऊजींकडे गेले. ते ओट्यावर बसले होते.

"भांडायला आल्या का वहिनी?"

"नाही. विहीर चांगली आहे, हे सांगायला आले. अजून चांगली आहे."

त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "दादाने हे नीट सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणाले आणि आत वळून बायकोला चहा टाकायला सांगितलं.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. व्यापारी आधी टाळाटाळ करत होता. भाऊजींनी सांगितलं, सोय करा, नाहीतर जागा मोकळी करा. कोळसा सिमेंटच्या फरशीवर आला. ढिगाभोवती बांध आणि चर झाला. खालच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्याला शेततळ्याचं प्लास्टिक अंथरलं, म्हणजे काळं पाणी तिथेच थांबावं, गाळ खाली बसावा आणि वरचं पाणी धूळ दाबायला परत वापरता यावं.

काम झालं, तरी मनातली धाकधूक गेली नाही. गणपतीत मोठा पाऊस झाला. उघडीप पडताच आम्ही सगळे नाल्याकडे धावलो. समोरच्या काठावर भाऊजी आधीच उभे होते. नाला दोन्ही थड्यांना लागून वाहत होता.

पाणी गढूळ होतं. तांबूस, मातीचं, नेहमीच्या पुरासारखं.

नानांनी वाकून ओंजळ भरली, बोटांतून पाणी गळू दिलं आणि तळवा आम्हाला दाखवला. नुसती माती.

यांनी पलीकडे बघून हाक मारली, "खड्डा भरला का रे?"

"अर्धाच भरलाय, दादा!"

कितीतरी महिन्यांनी ऐकलेलं ते बोलणं. नाना धोतराच्या सोग्याने हात पुसत बसले, बराच वेळ.

पाऊस संपल्यावर मी पुन्हा बाटली जळगावला नेली. विहीर चांगलीच निघाली. आता दर पावसाळ्यानंतर नेते, कारण डेपो आहे तोवर काळजी सोडून चालणार नाही. खड्ड्यातला गाळ काढण्यावरून दोघे भाऊ हल्ली कडाकडा भांडतात. ते ऐकत मी शेवभाजीला फोडणी देते आणि पानं जास्तीची मांडते.