अर्धी उघडी भिंत

आमच्याकडे आल्या की शेजारच्या काकू आधी ओट्यापाशी जायच्या आणि भांड्यावरचं झाकण उचलायच्या. "झाकून काहून ठेवलं वं? दिसू दे ना, काय रांधलं तं!" भाजी करपलेली असली की मी ओशाळायचे. त्यांना करपल्याचं काही वाटायचं नाही, राग यायचा तो झाकणाचा. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, तर तिला जपा.

आणि याच बाईच्या घरात कित्येक वर्षं एक भिंत झाकून ठेवलेली होती.

आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती आणि नवरीनवरदेवाची नावं रंगवून घेतात. काकूंनी मुलीच्या, प्रणालीच्या लग्नात पेंटरला थेट बैठकीत आणलं. "बाहेर लिवलं का पावसात धुतल्या जाते. माह्या पोरीचं नाव आत लिव." ऑइलपेंटमध्ये, मोरपंखी रंगात, दोघांची नावं शेजारी शेजारी, हातभर अक्षरं. पाहुणे हसले. काकू आपल्या भिंतीकडे पाहत बसल्या होत्या.

प्रणालीचा नवरा हात उचलायचा. एक दिवस ती बॅग घेऊन परत आली. आता तुम्हीच सांगा, लाज कोणाला वाटायला हवी होती? वाटली तिच्या भावाला! त्याच्या लग्नाचं पाहत होते, मुलीकडचे यायचे होते, आणि बैठकीत पाय ठेवल्याबरोबर ती नावं दिसत होती. त्याने वेलबुट्टीचा वॉलपेपर आणून अख्खी भिंत मढवून टाकली. वर बहिणीला म्हणाला, "तू तेवढ्या दिवशी मावशीच्या गावाले, कुहीले जाय." ती गेली, आणि तिथून घरी परतलीच नाही. वर्ध्याला नोकरी धरली, खोली घेतली. आजही त्या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटते मला.

पुढे वॉलपेपर कळकटला, तर त्याच्यावरूनच रंग मारून घेतला त्याने. नावावर कागद आणि कागदावर रंग! काकू फोन करकरून लेकीला बोलवायच्या. ती म्हणायची, "आई, त्या घरात मी कुठं आहो?" हे काकू मला पुन्हा पुन्हा सांगायच्या.

एका दुपारी त्यांच्याकडून खरखर ऐकू आली. मुलगा मिहानमधल्या कंपनीत कामावर, सून माहेरी, आणि गुडघेदुखीच्या काकू स्टुलावर उभ्या! हातात नारळाची किसणी. रंगामुळे कागद पाणी पीत नव्हता, म्हणून त्या आधी किसणीने रंग ओरबाडत होत्या. मग गरम पाण्याचा बोळा, आणि शेवटी पोळी उलटायचा सराटा कागदाच्या कडेखाली. मी जोरात ओढायला गेले, तर ओरडल्या. "आधी ओलं कर, मंग ओढ. घाई केली का अक्षराचं सालटं निघते."

त्या सराट्याची पार वाट लागली. पण ओल्या कागदाखालून मोरपंखी 'प्र' निघाला तेव्हा काकूंनी त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला रडू आलं, हे लपवून काय करू?

पूर्ण नाव निघाल्यावर मी नवरदेवाच्या नावाकडे वळले. काकूंनी माझं मनगट धरलं. "तेवढं राहू दे."

"झाकून काहून ठेवायचं, काकू?" मी त्यांनाच त्यांचं वाक्य ऐकवलं.

"ते झाकलं नाही वं. ते गाडलं."

संध्याकाळी मुलगा आल्याआल्या भडकला. "लोक येतीन तं काय करतीन?"

"वाचतीन," काकू म्हणाल्या आणि त्याला चहा दिला.

भिंतीचा फोटो मी प्रणालीला पाठवला. ती दिवाळीला आली. आतली खोली रिकामी होती, तरी बैठकीतच गादी टाकून मायलेकी झोपल्या.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेरवीला मी बैठकीत शिरले आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाने आईचा फोटो, हार घालून, नेमका प्रणालीच्या नावावर टांगला होता! मोठी फ्रेम मुद्दाम करून घेतलेली, एक अक्षर दिसत नव्हतं. जन्मभर झाकणं उचलणाऱ्या बाईला त्याने असं कामाला लावलं. पाहुणे हात जोडत होते. प्रणाली कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

मी खुर्ची ओढली आणि फोटो खाली उतरवला.

"ताई, काहून काढून राहिल्या?" मुलगा धावत आला.

"तुह्या मायले झाकण नको बनवू," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले.

प्रणाली उठली, स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. नावावरचा खिळा तिने उपटला आणि भिंतीच्या दुसऱ्या अर्ध्यात, राहिलेल्या कागदावर, एका दमात ठोकला. मग फोटो माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि तिथे लावला.

अजूनही काकू तिथेच आहेत, जावयाच्या नावावर. आणि शेजारी लेकीचं नाव, उघडं.