मॅचवरून परतणारी मोटार

त्या संध्याकाळची आठवण झाली की अजूनही माझा हात नकळत मानेकडे जातो.

तेव्हा मला नोकरीत येऊन फार दिवस झाले नव्हते. जेऊरकडच्या आमच्या वाडीत मेंढरे राखणाऱ्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्यात शिकलो, नाशिकला पोलिसी शिक्षण घेतले आणि सोलापुरात फौजदार म्हणून रुजू झालो. लिहिण्याची मला सवय नाही. जसे आठवते तसे सांगतो. नावे कुणाचीच घेत नाही, कारण त्यांतल्या काहींची मुलेबाळे याच गावात राहतात.

तीस सालच्या मार्शल लॉचे दिवस सरून दोनचार वर्षे झाली होती. पण पोलिसाकडे पाहण्याची गावाची नजर निवळली नव्हती. आम्ही हॉटेलात शिरलो की बोलणी थांबत. लोक मोकळे होत ते एकाच ठिकाणी, किल्ल्याजवळच्या मैदानावर. गिरण्यांच्या संघांच्या फुटबॉल मॅची तिथे संध्याकाळी होत. दिवसपाळी सुटली की माणसे अंगावरच्या सुताच्या तुसांसकट तिकडे धावत.

त्यातल्या दोन गिरण्यांचे वैर मोठे होते. दोघांच्या चाळी अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला होत्या. आज तिथे यंत्रमागांचे कारखाने आहेत. तेव्हा चाळी संपल्या की ज्वारीची राने लागत. एका गिरणीचे लोक मॅचला सर्व्हिस मोटारीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, जात-येत. दुसऱ्या गिरणीच्या चाळीत टांगेवाले पुष्कळ, म्हणून ते लोक टांग्यांतून जात. परतताना पुढे मोटार आणि मागे टांग्यांची रांग, असा तो सगळा लवाजमा एकाच रस्त्याने जाई.

मोटारवाल्यांची एक रीत होती. संघ हरला की सगळे आत कोंबून बसत आणि ताडपत्रीचे पडदे खाली सोडत, कुणाला तोंड दिसू नये म्हणून. जिंकला की टपावर चढत आणि मागे तोंड करून बसत, म्हणजे टांग्यांतल्या लोकांना त्यांची तोंडे दिसावीत. ही रीत मला फार उशिरा कळली. आधी कळली असती तर तपास इतका लांबला नसता, असे वाटते.

त्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास ती मोटार थेट ठाण्यासमोर येऊन थांबली. आत एक तरुण विणकर रक्ताने माखून पडला होता. बरोबरचे लोक एकदम बोलत होते, "टांग्यातनं दगड मारला! टपावरनं खाली पडला!" आम्ही त्याला सिव्हिल हॉस्पिटलात हलवले. तिथे पोहोचेपर्यंत तो गेला होता.

मेलेला तेलुगू विणकराच्या घरचा, आईचा एकुलता एक. टांगेवाले बहुतेक मुसलमान. एवढ्यावर गावात काय पेटू शकते, हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पेठेतली निम्मी दुकाने उघडली नाहीत.

खबर लवकरच मिळाली. टांगा स्टँडसमोरचा एक चहावाला आमचा माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, एकजण त्या सांजंपासनं घोडा जुंपंना झालाय. घोडं धडधाकट हाय, मालकच बसून ऱ्हायलाय."

मी त्या टांगेवाल्याच्या घरी गेलो तेव्हा तो तबेल्यात गवतावर बसला होता. मला पाहताच उठला आणि दोन्ही हात पुढे केले. म्हातारी आई दारातून ओरडत होती, "मेरा बच्चा कुछ नई किया!" तो तिच्याकडे वळून एवढेच म्हणाला, "अम्मा, चुप बैठ. किया मैं."

ठाण्यात त्याला विचारावे लागलेच नाही.

"साब, पत्थर मैंच मारा. जान लेने का दिल में नई था."

"का मारलास?"

"मेरे घोडे कू नाम रखा, साब. बोला, तेरी टीम और तेरा घोडा, दोनों लंगडे. सब लोगां हँसे. मेरे हात में क्या आया देखा भी नई, फेंका."

"दगड त्याला कुठं लागला?"

"मालूम नई. मैं फेंका, घोडा बिदका. लगाम खींच के देखा तो वो गिरा पडा था. बस."

"तेव्हा त्याचं तोंड कुणीकडं होतं?"

"मेरे तरफच. मेरेकूच देख के हँस रहा था. वो हँसना अब्बी दिखता, साब."

त्याने मॅजिस्ट्रेटपुढेही हेच सांगितले. सांगू नकोस, विचार कर, असे मॅजिस्ट्रेटनी दोनदा बजावले, तरी सांगितले. खटला खुनाचा होता आणि फासाचा दोर त्याने स्वतःच गळ्यात घालून घेतला होता.

मला शंका आली ती डॉक्टरांच्या अहवालावरून. मृताचे तोंड रस्त्यावर घासून सोलले होते. पण जीव गेला होता डोक्याच्या मागच्या बाजूच्या जखमेने, आणि ती जखम चांगली रुंद होती. समोरून दगड लागलेल्या माणसाला मागे जखम कशी? शिवाय दगडाने तो मागे, टपावरच्या माणसांत कोलमडला असता. हा तर पुढे, टांग्यांच्या बाजूला फेकला गेला होता. पाठीमागून कुणी ढकलल्यासारखा.

मी भीत भीत हे इन्स्पेक्टर साहेबांना सांगितले. ते शिपायापासून वर चढलेले, स्वभावाने वाईट नव्हते.

"अहो, आरोपीची कबुली आहे, मोटारभर साक्षीदार आहेत. अजून काय पाहिजे तुम्हाला? कॉलेजात जरा जास्तच वाचलंत तुम्ही."

"साहेब, तसं नाही. पण जखम मागं आहे."

"मान फिरवली असेल त्यानं! बरं, केस उभी राहीपर्यंत काय शोधायचं ते शोधा. तोवर गावात काही पेटलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

मी मोटारीतल्या लोकांचे जबाब पुन्हा घेतले. सगळ्यांचे वाक्य एकच, "टांग्यातनं दगड आला आन् तो पडला." शेजारी कोण होते, मोटार कुठवर आली होती, असे विचारले की, "ध्यानात न्हाई." पुढे नोकरीत पुष्कळ साक्षीदार पाहिले. खरे पाहिलेली माणसे बारीकसारीक गोष्टींवरून आपसांत भांडतात. हे लोक कशावरूनच भांडत नव्हते. त्यांच्यापैकी कुणी मागून ढकलले असावे, असा मला संशय येऊ लागला.

शेवटी मी साध्या वेषात मॅचला गेलो. धोतर, कोट आणि काळी टोपी. फुटबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. कॉलेजातही मी मैदानाच्या कडेलाच उभा राहायचो. गर्दी ओरडली की ओरडायचे, एवढे ठरवले. मोटारवाल्यांचा संघ जिंकला, हे माझे नशीब. हरला असता तर सगळे पडद्याआड बसले असते आणि मला काहीच दिसले नसते. गेलेल्या गड्याच्या नावाने आज टपावर बसायचेच, असे लोक आपसांत बोलत होते. मीही त्यांच्याबरोबर चढलो. मागे तोंड करून सगळे ओळीने बसलेले पाहिले तेव्हाच रीत समजली.

शेजारी एक मिशाळ जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, होता. "पावनं कुटलं म्हनायचं?"

"जेऊरकडचा."

"मग दोरी धरा घट्ट. हितं लाज धरून भागत न्हाई, दोरी धरावी लागती."

लोक हसले. मागून टांगे येत होते. टपावरून आरोळ्या सुरू झाल्या. "ओ मामू, गोल दिसला का घोड्याच्या शेपटाआड ऱ्हायला?" खालून उत्तर आले, "कल देखते रे, उतरो नीचे!" पण दोन्हीकडचे आवाज त्या दिवशी जरा दबलेलेच होते.

चाळी जवळ आल्या. ड्रायव्हरने रबरी भोंगा दोनदा वाजवला, थोडे थांबून. आणि टपावरच्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. कुणी वळून पाहिले नाही, कुणाचे बोलणेसुद्धा तुटले नाही. मी एकटा तसाच बसलो होतो. जॉबरने माझ्या मानेवर हात मारून मला खाली दाबले.

"आवो, मान! मान घाला की खाली! मरायचं हाय व्हय त्याच्यासारकं?"

चिंचेची एक जाड फांदी आमच्या डोक्यांवरून गेली. माझी टोपी तिने उडवून नेली.

मी मान वर केली तेव्हा टपावर कुणी बोलत नव्हते. जॉबर माझ्याकडे पाहत होता. मी कोण, हे बहुधा त्याला तेव्हा कळले.

"त्या दिवशी भोंगा वाजला नव्हता का?" मी हळू विचारले.

"वाजला की," तो म्हणाला. "तेच तर. लई वाजला."

मी लगेच पंच बोलावून उजेड आहे तोवर त्या फांदीचा पंचनामा केला. सालीच्या खरबरीत भागात वाळलेले रक्त आणि केस अडकलेले होते. त्यानंतर ड्रायव्हरला ठाण्यात आणले. तो बसायला तयार नव्हता, उभ्यानेच बोलला.

"साहेब, गोल मारनाऱ्याला माज्या शेजारी बसवायचं आन् भोंगा त्याच्या हातात द्यायचा, ही आमची रीत. झाड जवळ आलं की भोंगा मी परत घेतो आन् दोनदा वाजवतो. वरच्यांना तेवढीच खूण. पाठ करून बसलेल्यांना झाड कसं दिसनार?"

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी त्यानं दोन गोल मारले. पोरगं यंदाच आलंय बाहेरनं. ग्राउंडपासनं जो भोंगा दाबाया लागला, तो सोडंचना. वरचे आरडाया लागले. मी म्हनलो झाड आलं, आन दे. त्याला वाटलं मी गंमत करतोय. हसत हात मागं घेतला त्यानं. तेवढ्यात..."

"बसलेल्यांना फांदी लागली नाही?"

"घासली सगळ्यांना, टोप्या गेल्या. तो एकटा उभा व्हता. घोड्याला नाव ठेवाया उठला व्हता."

"हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? एक माणूस फासावर चाललाय."

"आमी कुनाला फाशी द्या म्हनलो न्हाई, साहेब. दगड आला म्हनलो. आला व्हता की. त्या पोराला तर अजून ठावं न्हाई. कळलं तर तो बॉलला पाय लावनार न्हाई परत. म्हनून सगळ्यांनी मिळून ठरवलं."

त्या खेळाडूला मी स्वतः भेटलो. मेलेल्याच्या आईच्या दारात तो घागर उतरवत होता. मुलगा गेल्यापासून तिचे पाणी तोच भरत असे. त्याला रस्त्याच्या कडेला नेऊन मी सांगितले. त्याने उजवा हात उघडून पाहिला, पुन्हा मिटला आणि म्हणाला, "मला कुनीच सांगितलं न्हाई." खिशातून सरावाच्या वेळची शिट्टी काढून त्याने माझ्या हातात दिली, का ते मला अजून कळलेले नाही, आणि तो चाळीकडे न जाता स्टेशनच्या बाजूला चालू लागला. त्या संघातून तो पुन्हा खेळला नाही, एवढे मला ठाऊक आहे.

टांगेवाला सुटला. खुनाचे कलम रद्द झाले. दगडफेकीची किरकोळ शिक्षा तो कोठडीत भोगून चुकला होता. ड्रायव्हरला हयगयीबद्दल सजा झाली. सोडताना मी टांगेवाल्याला फांदीचे सगळे नीट समजावले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पर साब, पत्थर तो मैं फेंका था ना. झाड नई रहता तो?" त्याची आई दाराबाहेर उभी होती. तिने त्याला हाताला धरून नेले, लहान मुलाला न्यावे तसे.

मेलेल्याच्या आईला सांगणे माझ्याकडेच आले. ती हातमागाशेजारी जमिनीवर बसली होती. मी सगळे सांगितले. मोटारीतल्या लोकांनी काय लपवले, तेही सांगितले, कारण ते लपवण्याचा मला अधिकार आहे असे वाटले नाही.

"ती पोरं रोज यायची, बाबू," ती म्हणाली. "एक पाणी भरायचा. एक भाकरी आणायचा. माझा पोरगा कसा हसायचा, ते करून दाखवायचे. आता येतील काय?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"टांगेवाल्याला सोडलं?"

"सोडलं."

"त्याला आई आहे?"

"आहे."

"बरं केलं." ती मागाच्या दोऱ्यांकडे पाहत राहिली. "तिचा पोरगा तू तिला दिला. माझे होते तेवढे नेले."

तिचे म्हणणे खरे ठरले. त्या चाळीतले कुणी नंतर तिच्याकडे गेले नाही. शरमेने असेल, भीतीने असेल. ती माणसे दुष्ट नव्हती, हे मला आजही ठामपणे सांगावेसे वाटते. त्यांचा एका पोरावर जीव होता. त्याला वाचवताना परक्या माणसाची मान जाते आहे, हे त्यांनी आपसांत कधी मोठ्याने उच्चारले नाही, आणि उच्चारले नाही म्हणून ते सगळ्यांना जमले. त्यानंतर जिथे साक्षीदारांचे एकमत जरा जास्तच दिसले, तिथे हे कुणावर सूड घेत आहेत असे मी आधी विचारले नाही. ही माणसे कुणाला जपत आहेत, ते पाहू लागलो. बहुतेक वेळा वाट तिथूनच सापडली.

पुन्हा तसा प्रसंग आला तरी टांगेवाल्यासाठी मी तेवढीच धडपड करीन. पण त्या म्हातारीकडे एकटा जाणार नाही. मोटारीतल्या सगळ्यांना तिच्या अंगणात आणून उभे करीन आणि सांगेन, तुम्हीच सांगा तिला. म्हणजे सांगून झाल्यावर त्यांच्यातला एखादा तरी तिथे थांबेल.