भिंतीवरच्या ओलीच्या रेघा

पाणी तापवायचा सोलर बसवून सव्वा महिना झाला असेल, तेव्हा मागच्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात मला ओलीचा डाग दिसला. तळहाताएवढा. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर, गच्चीवर, सोलरचा स्टँड आहे आणि त्याचे चार पाय स्लॅबला भोकं पाडून बोल्टनं आवळलेले आहेत. मार्च महिना, पावसाचा पत्ता नाही. म्हणजे पाणी सोलरचंच. मी ठेकेदाराला फोन लावला.

तो पिंपळगाव राजाहून आमच्या मोताळ्याला मोटरसायकलवर आला. तिशीतला, बोलायला मोकळा माणूस. गच्चीवर जाऊन सगळे जोड हातानं चाचपून आला.

"भाऊ, एकही जोड गळून नाही राह्यला. स्लॅबच जुना हाय तुमचा."

"सोळा वर्सांचा हाय. सोळा पावसाळे काढले त्यानं, एक थेंब नाही आला. तू भोकं पाडली अन् सहाव्या हप्त्यात आला."

"मंग रोजच वाढला असता ना डाग? भोक काय सुट्ट्या घेऊन गळते?"

तो गेला. आमच्या गल्लीतलं हे त्याचं पहिलंच काम होतं. दुसरं शेजाऱ्यांकडे ठरलं होतं, पण त्यांनी ते थांबवलं. मला म्हणाले, "भाऊ, तुमचा फैसला होऊ द्या. तुम्ही बरं म्हटलं तर बसवू, नाही तर दुसरा पाहू." शेजाऱ्यांनी नाही म्हटलं की बाकीची गल्लीही नाही म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. आपल्या शब्दाला एवढं वजन आल्याचं मला थोडं बरंही वाटलं, ते लपवत नाही.

पण त्याचं ते सुट्ट्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाआधी स्टुलावर चढून डागाची कड बघू लागलो. कड सरकली असेल तर पेन्सिलनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची.

"भिंतीची वही करून राह्यले तुम्ही," बायको म्हणाली. "समास बी सोडा मंग."

बावीस दिवसांत डाग फक्त तीनदा वाढला. पहिल्यांदा चार सेंटीमीटर, मग पाच, मग पुन्हा चार. मधले दिवस कड जागची हलली नाही. म्हणजे भोक खरोखरच सुट्ट्या घेत होतं. आता मला भांडणापेक्षा या सुट्ट्यांचंच कुतूहल वाटायला लागलं. तारखा घेऊन मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. आमच्याकडे नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो आणि नळाच्या तारखेला बायको गोल करते. माझ्या तिन्ही तारखा त्या गोलांच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या.

मी ठेकेदाराला फोन केला. "नळाच्या दिवशी सकाळी ये."

"भांडायले का पाणी भरायले?"

"पाहायले."

नळाच्या दिवशी आमच्याकडे भांडं म्हणून रिकामं राहत नाही. हौद, पिंप, बादल्या, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. एरवी मी घड्याळ लावून वीस मिनिटं मोटर चालवतो आणि अर्धी टाकी चढवतो. नळाच्या दिवशी मात्र टाकी काठोकाठ भरतो. त्या सकाळी बायकोनं खाली मोटर सुरू केली. ठेकेदार आणि मी वर टाकीजवळ उभे राहिलो. शेजारीही आपल्या गच्चीवर टाकी भरत होते, पण त्यांचा एक कान आमच्याकडे होता.

टाकी भरत आली आणि सोलरच्या हवेच्या पाइपातून एक थेंब पडला. हा पाइप वरून उघडा असतो, म्हणून त्याचं तोंड टाकीतल्या पाण्यापेक्षा उंच ठेवावं लागतं. मग दुसरा थेंब, मग बारीक धार. ती पाइपावरून ओघळत स्टँडच्या पायापाशी गेली आणि तिथंच मुरली. गच्चीवर डबकंही साचलं नाही. उन्हात बाकीचं वाळूनही गेलं असतं.

ठेकेदार पाइपाकडे बघत राहिला. "पण मी पाइप टाकीच्या वर दीड फूट काढला होता. तुमच्यासमोर मोजला. आता टाकीच वर दिसून राह्यली."

मीच तेव्हा टेपचं दुसरं टोक धरलं होतं. आम्ही पुन्हा मोजलं. पाइपाचं तोंड टाकीच्या काठाखाली अर्धा फूट होतं. पाइप तर कापलेला नव्हता.

तोवर बायको वर आली होती. "टाकी उचलली ना तुम्ही," ती म्हणाली. "मोरीतल्या नळाले धार नाही म्हणून."

मी खाली जाऊन घरच्या कामांच्या नोंदींची वही आणली. सोलरच्या पानावर दीड फूट लिहिलेलं होतं. चार पानं पुढे, घरदुरुस्तीच्या मथळ्याखाली, आठ दिवसांनंतरची नोंद होती : टाकीखाली विटांचे थर, उंची दोन फूट. अक्षर माझंच. प्रत्येक कामाचं पान वेगळं ठेवायची माझी पद्धत, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायचं मला एकदाही सुचलं नाही.

ठेकेदाराला हसायला ती जागा होती, पण तो हसला नाही. स्टँडच्या पायाशी बसला, बोल्टच्या कडेला नख घातलं. सिमेंट भुसभुशीत होतं.

"हे मात्र माह्यं हाय भाऊ," तो म्हणाला. "इथं फटीत लांबी, म्हंजे पुट्टी, भराची राहून गेली. भरली असती तर पाणी वरच राह्यलं असतं."

तो हे बोलला नसता तर मला कळलंही नसतं.

"काय निघालं भाऊ?" कठड्यापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं.

ठेकेदार नखानं भुसभुशीत सिमेंट उकरत राहिला.

"दोन फूट माह्ये," मी म्हणालो, "अन् एक बोल्ट त्याचा. तुम्ही काम द्या त्याले."

शेजारी हसले. "तुमचाच आकडा चुकला म्हणा की!"

"चुकला," मी म्हणालो.

ठेकेदारानं त्याच दिवशी पाइप वाढवला आणि चारही पायांना लांबी भरली. पुढच्या नळाला ओल शेवटच्या रेघेपुढे गेली नाही. त्याच्या पुढच्या नळापर्यंत ती आत सरकली होती. तिच्याही रेघा मी मारल्या.

एप्रिलात शेजाऱ्यांकडे सोलर चढला. मी टेप घेऊन आमच्या कठड्याशी उभा होतो, कारण ठेकेदारानंच टेप मागितला होता. पाइप कापण्याआधी तो शेजाऱ्यांना म्हणाला, "टाकी उचलाची असन तर आत्ताच सांगा," आणि माझ्याकडे न बघता टेपसाठी हात पुढे केला.