पोरगी कोणावर गेली

आमच्या घरचा राग सगळ्या आंजी गावाला ठाऊक होता. बाबा चिडले की कपाळावरची शीर टरारून वर यायची आणि बैलसुद्धा कान पाडायचे. या रागाची आम्हांला लाज नव्हती, उलट आम्ही तो मिरवायचो. मी भांडी आपटली की बाबा खुशीत म्हणायचे, "पोरगी माह्यावर गेली."

त्या रागामागून लकवा यायचा. आजोबा पंचेचाळिशीत गेले, बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, त्याच्याही आधी. गावानं निकाल देऊन टाकला होता, की शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या देवाचा कोप आहे, तो या घराण्याला सोडणार नाही. मायनं त्यातूनही एक पळवाट काढली होती. लेक लग्न करून गेली की तिचं कूळ बदलतं, देवही बदलतो, मग हा कोप तिच्या मागे कशाला जाईल? माझं लग्न झालं की सुंठीवाचून खोकला जाणार होता. दाखला म्हणून ती आत्याकडे बोट दाखवायची. बाबांची ही बहीण सेलूकडे दिलेली, चाळिशी ओलांडलेली आणि चांगली धडधाकट होती.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराचा हिवाळा असेल. कापसाची बैलबंडी भरता भरता बाबा खाली बसले आणि त्यांचं डावं अंग उठलंच नाही. त्यांचं करायला आत्या आली. जरा बरं वाटल्यावर त्याच बंडीत गवत अंथरून माय, आत्या आणि मी त्यांना वर्ध्याच्या डॉक्टरकडे नेलं. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं.

डॉक्टरनं बाबांच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि नळीतला पारा बघून तो गंभीर झाला. घरात आणखी कोणाला असं झालं होतं, ते त्यानं विचारलं. मायनं सांगितलं, तसा तो आत्याकडे वळला. "तुम्ही यांच्या बहीण ना? बसा."

माय हसली. "त्याहिले काऊन पाहता, डाक्टरसाहेब? त्या आता आमच्या घरच्या नाई."

त्यानं आत्याच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढला तो चढतच गेला.

"बाई, लग्नानं रक्त बदलत नाही," डॉक्टर म्हणाला. "हे ब्लडप्रेशर आईबापांकडून येतं. मुलाला येतं तसं मुलीलाही."

"पण मले तं काईच होत नाई," आत्या म्हणाली.

"होईपर्यंत कळत नाही."

मायनं मला दंडाला धरून पुढे ओढलं. "मंग हिले?"

माझा पारा लवकरच थांबला. "आज काही नाही," डॉक्टर म्हणाला. "पण हमी देता येणार नाही. चाळिशीपुढे दिसेल."

"तवरक काय करू?"

"मीठ कमी. आणि राग आवरायचा."

भाकरी-ठेच्यावर जगणाऱ्या घराला त्यानं मीठ सोडायला सांगितलं, आणि आम्हांला राग. मला त्याचा इतका संताप आला की कानशिलं तापली, आणि ती तापली म्हणून मी घाबरले.

माझ्याशी भांडण झालं की माय "खाण तशी माती" म्हणायची. त्या दिवसापासून ती म्हण तिनं तोंडातून काढली नाही.

आता मी डॉक्टरनं सांगितलेल्या त्या चाळिशीपुढे आले आहे. सकाळी उठले की मान दुखते. दंडाला पट्टा पुन्हा बांधून घेतलेला नाही. घेऊन करायचं काय?

त्या वैशाखात माझं लग्न लागलं. बाबांना मांडवाच्या खांबाला टेकवून बसवलं होतं. पाठवणीच्या वेळी माझे सासरे त्यांचा निरोप घ्यायला आले आणि कौतुकानं म्हणाले, "पोरगी अगदी तुमच्यावर गेली, इवाई."

बाबांची शीर वर आली. वाकड्या तोंडातून एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "नाई. मायवर गेली. पुरी मायवर."

माय डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाली. "हो, माह्यावरच गेली," ती म्हणाली. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.